१८० दिवस संपले, तरी सीडीएल (व्यावसायिक वाहन परवाना) बंदच: माझा अनुभव

अमेरिकेत ट्रक चालवतो. गाडी चालवण्याच्या तासांची मर्यादा ओलांडल्यामुळे रस्त्यावरच्या तपासणीत मला सलग 10 तास विश्रांतीचा, म्हणजे तोवर गाडी न चालवण्याचा, ‘आउट ऑफ सर्व्हिस’ आदेश मिळाला. सातव्या तासाला गाडी हलवली, चूक माझीच. कोर्टात दोष सिद्ध झाला आणि पहिल्या गुन्ह्याची किमान शिक्षा लागली: 180 दिवस व्यावसायिक परवाना अपात्र. (10 वर्षांत दुसऱ्यांदा झालं, तर किमान 2 वर्षं.)

मुदत संपली, तरी परवान्याची स्थिती ‘अपात्र’च. फोनवर तासन्‌तास ताटकळलो. डेटाक्यूजवर (नोंदींतल्या चुकांविरुद्ध दाद मागायची केंद्र सरकारची ऑनलाइन सोय) अर्जही केला, पण तिथे तपासणीच्या नोंदी तपासतात, राज्याने केलेली अपात्रता तिथून उठत नाही.

शेवटी जमलं ते असं. आधी राज्याच्या परवाना कार्यालयातून प्रमाणित ड्रायव्हिंग रेकॉर्ड काढलं. खरी मेख त्यात सापडली: अपात्रतेची मुदत संपलेली होती, पण पुनर्स्थापना शुल्क (परवाना पुन्हा सुरू करण्याची फी) बाकी होतं आणि मधल्या काळात मेडिकल कार्डाची (चालकाच्या तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्राची) मुदतही उलटली होती! मग केंद्रीय नोंदणीतल्या डॉक्टरकडून नवी तपासणी करून घेतली. ते प्रमाणपत्र राज्याच्या नोंदीत चढल्याची खात्री केली आणि त्यानंतरच शुल्क भरलं. चार दिवसांनी पुन्हा रेकॉर्ड काढलं. सीडीएलची स्थिती ‘वैध’ दिसली, तेव्हा कुठे स्टिअरिंगला हात लावला. नुसत्या पावतीवर गाडी काढू नका, रेकॉर्ड बदलेपर्यंत परवाना बंदच असतो.