३०६० की ४०६०? ग्राफिक्स कार्डांची तुलना करताना या चुका टाळा

"नवं कार्ड बसवलं, पण एफपीएस जुन्याइतकाच येतोय!" असा फोन मला दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. (एफपीएस म्हणजे स्क्रीनवर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात तो आकडा.) मागचा मावसभावाचा होता. एनव्हिडियाचं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० काढून त्याने त्याच कंपनीचं पुढच्या पिढीचं आरटीएक्स ४०६० घेतलं होतं, आणि दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला अशी त्याची खात्री पटली होती. जाऊन पाहिलं. कार्ड अस्सल होतं. खोट मोजण्यात होती.

प्रोसेसरचा आकडा कार्डाच्या नावावर

त्याच्याकडे बी४५० मदरबोर्ड आणि २०१७ चा रायझन ३ १२०० हा चार कोअरचा प्रोसेसर. स्क्रीन १०८०पी. गेममधली प्रत्येक फ्रेम आधी प्रोसेसर तयार करतो, मग कार्ड ती रंगवतं. पोळ्या लाटणारा एकटाच असेल, तर तवा कितीही मोठा आणा, ताटात पडणाऱ्या पोळ्या तेवढ्याच. त्याची दोन्ही कार्डं रिकाम्या तव्यासारखी वाट बघत बसलेली.

हे ओळखणं सोपं आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाकून खेळताना जीपीयूचा (कार्डावरच्या चिपचा) वापर स्क्रीनवर दिसू द्या. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने चाललंय. साठ-सत्तरवर रेंगाळत असेल तर आधी व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) किंवा फ्रेमची मर्यादा चालू राहिलीय का ते बघा. बरेचदा तेवढंच असतं. ते नसेल तर रिझोल्यूशन ७२०पी करा. तरी एफपीएस हलला नाही तर प्रोसेसर अडवतोय. इथे लोक टास्क मॅनेजर दाखवून म्हणतात, "प्रोसेसर तर फक्त ४० टक्के वापरला जातोय." ती सगळ्या कोअरची सरासरी असते. गेमचा मुख्य भार एकाच थ्रेडवर (एका कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) असेल तर तो थ्रेड घामाघूम आणि बाकीचे निवांत. रॅमची एकच स्टिक असली किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू केलेली नसली, तरी असाच फटका बसतो.

आणि हो, मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना? हसू नका, शिकलेसवरलेले लोक ती मदरबोर्डला लावून बसतात.

कोअर मोजून निकाल लावणं

३०६० मध्ये ३५८४ कूडा कोअर (एनव्हिडिया चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग), ४०६० मध्ये ३०७२. मग ४०६० हळू? उलट, बहुतेक गेममध्ये तेच पुढे असतं. त्याचा बूस्ट क्लॉक (चिपचा भाराखालचा वेग) २.४६ गिगाहर्ट्झ, ३०६० चा १.७८. शिवाय एल२ कॅश (चिपमधलाच जलद साठा) ३ एमबीवरून २४ एमबी झाली, त्यामुळे मेमरीकडे वारंवार धावावं लागत नाही. वेगवेगळ्या पिढ्यांचे कोअर म्हणजे वेगवेगळ्या मापाचे शेर. आरटीएक्स २०८० टीआयमध्ये ४३५२ कोअर होते, ३०७० मध्ये ५८८८, आणि दोघांचा वेग साधारण सारखाच, कारण नव्या पिढीत कोअरची रचनाच बदलली. एनव्हिडिया आणि एएमडीचे कोअर तर शेजारी मांडूच नका.

८ जीबी आणि जुना मदरबोर्ड

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे बोर्ड जुनाच ठेवून फक्त कार्ड बदलणारे लोक खूप. ३०६० ची मेमरी १२ जीबी, बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता) १९२ बिट. ४०६० ची ८ जीबी, १२८ बिट. शिवाय ४०६० मदरबोर्डच्या स्लॉटमधल्या सोळापैकी आठच लेन (माल वाहणाऱ्या वाटा) वापरतं. स्लॉट पीसीआयई ४.० या मानकाचा असलेल्या बोर्डवर ते खपून जातं. बी४५० वर स्लॉट ३.० चा, म्हणजे रस्ता निम्मा. कार्डाची मेमरी पुरते तोवर फरक जेमतेम. पण अल्ट्रा टेक्श्चर (पृष्ठभागांची सर्वांत बारीक चित्रं) लावून ८ जीबी ओसंडली, की उरलेला माल रॅममधून सेकंदाला जेमतेम ८ जीबीच्या वाटेने येतो. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते. मग सरासरी एफपीएस ठीक दिसतो आणि खेळताना मात्र मधूनच झटके बसतात.

म्हणून सरासरीसोबत "१ टक्का लो", म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस, हा आकडा बघा. कॅपफ्रेमएक्स हे सॉफ्टवेअर तो मोफत काढून देतं. यूट्यूबवरचे तक्ते सगळेच खोटे नसतात, पण ते बहुधा सर्वांत महागड्या प्रोसेसरवर आणि नव्या बोर्डवर काढलेले असतात. तुमच्या घरातली मशीन त्यात नसते.

नाव एक, माल दोन

३०६० ची ८ जीबीची आवृत्तीही निघाली. कोअर तेवढेच, पण बस १२८ बिट आणि बँडविड्थ (मेमरी माल पुरवते तो वेग) सेकंदाला ३६० जीबीऐवजी २४०. जीटी १०३० या स्वस्त कार्डाचं तर विचारूच नका, ते दोन प्रकारच्या मेमरीत निघालं: जीडीडीआर५ वाल्याची बँडविड्थ ४८ जीबी, डीडीआर४ वाल्याची १७ च्याही आत, आणि नाव तेच. ऑनलाइन जाहिरातीत हा फरक बारीक अक्षरात असतो. खात्री करायला कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड सॉफ्टवेअर उघडा. लॅपटॉपमधलं ४०६० तर वॅट किती दिलेत यावर पळतं. दोन लॅपटॉपची नुसत्या नावावरून तुलना करू नका.

बनवलेल्या फ्रेम खऱ्यांत मिळवणं

कंपनीच्या तक्त्यात ४०६० ची उंच हिरवी पट्टी दिसली, की खाली बारीक टीप वाचा. डीएलएसएस ३ या एनव्हिडियाच्या तंत्रातलं फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन खऱ्या फ्रेममध्ये एक बनवलेली फ्रेम घालणं, ४० मालिकेत आहे, ३० मालिकेत नाही. चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं, पण माऊस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद त्याने वाढत नाही. तुलना करताना ते दोन्हीकडे बंद ठेवा, आणि अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) लावायचं तर दोन्हीकडे एकाच दर्जाचं.

मोजण्यातली घाई

गेमच्या पहिल्या फेरीत शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, ती फेरी सोडून द्या. त्यानंतरच्या तीन फेऱ्या, त्याच दृश्याच्या. कार्ड दहा-पंधरा मिनिटं तापू द्या आणि मगच मोजा. एक कार्ड जानेवारीत आणि दुसरं मे महिन्यात नागपूरला मोजलंत तर तुम्ही उन्हाळा मोजलात. क्रिप्टो माइनिंगमधून आलेल्या जुन्या कार्डाची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असू शकते. क्लॉक घसरताना दिसला तर पेस्ट बदलून पुन्हा मोजा. एनव्हिडियावरून एएमडीवर जाताना जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने साफ करा.

टक्केवारीतही घोळ होतो. ८० वरून १०० म्हणजे २५ टक्के वाढ, १०० वरून ८० म्हणजे २० टक्के घट. विकणारा पहिलंच सांगणार.

मावसभावाने शेवटी बायोस अपडेट करून त्याच बोर्डवर रायझन ५ ५६०० बसवला. तोच गेम लावला, कार्डाचा वापर ९७ टक्क्यांवर गेला, आणि पहिल्यांदाच त्याला कार्डाचा पंखा ऐकू आला. ३०६० तोवर विकून टाकलं होतं, त्यामुळे त्या दोघांची खरी तुलना त्याच्या मशीनवर राहूनच गेली.