चौथी सलाईन लावायच्या आधी पाय उचलून बघा

ग्रामीण रुग्णालयात रात्री तापाचा पेशंट येतो, पऱ्हाटीत नाहीतर सोयाबीनमध्ये काम करणारा, पावसाळा सरता सरता आपल्याकडे स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चावण्यातून होणारा ताप) डोक्यात ठेवावाच लागतो, वरचं बीपी ८० आणि सोबतचे म्हणतात, "सलाईन लावा ना डॉक्टरसाहेब, लय कमजोरी हाय." पहिल्या ३ तासांत किलोमागे ३० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन), म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५०० च्या ३ बाटल्या, आणि अँटिबायोटिक लगेच. इथवर ठीक. पंचाईत होते चौथ्या बाटलीला, कारण पाणी दिल्यावर हृदयाचा पंप वाढेल असे पेशंट साधारण अर्धेच असतात, बाकीच्यांचं पाणी जातं फुफ्फुसात.

तर कोण कुठला ते ओळखायला पाय उचलायचे, पायातलं रक्त हृदयाकडे सरकतं आणि बाटली न लावताच पाणी दिल्यासारखं होतं, पण उचलायचे नीट. पेशंटला आधी ४५ अंशात बसता ठेवा, बीपी घ्या, मग बेडचा हँडल फिरवून धड सपाट आणि पाय ४५ अंश वर. सपाट झोपलेल्याचे नुसते पाय वर केले तर पोटातलं रक्त हृदयाकडे येत नाही, अर्धी टेस्ट वाया. हाताने पाय ओढू नका, दुखलं की नाडी वाढते आणि आपण फसतो. जवळपास ३०० मिली रक्त सरकतं, परिणाम मिनिटभरात दिसतो, पाच मिनिटांनी बघून काही उपयोग नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) असेल तर व्हीटीआय, म्हणजे एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं त्याचं माप, १० टक्क्यांच्या वर वाढला का बघा. नसेल (आपल्याकडे नसतोच) तर पल्स प्रेशर, म्हणजे वरच्या बीपीतून खालचं वजा. ते चांगलं वाढलं तर पाणी कामाचं, पण नाही वाढलं म्हणून लगेच नाही म्हणू नका, ही पद्धत थोडी कच्चीच आहे. पोट फुगलेलं असेल तर टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, पाय किंवा कंबर मोडलेली असेल तर करूच नका. स्वतः श्वास घेणाऱ्यात आयव्हीसीवर (पोटातल्या मोठ्या शिरेच्या सोनोग्राफीवर) मी फार विसंबत नाही.

आणि पाय उचलून बीपी वाढलं म्हणजे पाणी द्यायलाच पाहिजे असं नाही बरं, धडधाकट माणसाचंही वाढतं. गरज आहे का ते बोटावर बघा: मलेरियाची काचेची स्लाइड बोटाच्या पेरावर १० सेकंद दाबा, सोडल्यावर रंग यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्त पोचत नाहीये. दोन्ही जुळलं तर २५० मिली द्या, परत छाती ऐका, परत स्लाइड. बोट अजून पांढरंच आणि पाय उचलून काही फरक नाही, तर चांगल्या मोठ्या शिरेतून नॉरअ‍ॅड (बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन) सुरू, एमएपी (सरासरी बीपी) ६५ पर्यंत आणायचा, आणि १०८ बोलवा. चिठ्ठीवर किती मिली गेलं ते ठळक लिहा, नाहीतर पुढच्या दवाखान्यात ३० मिलीचा हिशेब परत पहिल्यापासून सुरू होतो.