हायड्रोजन धोरणाची टिपणी लिहिताना या चुका टाळा

हरित हायड्रोजनच्या, म्हणजे अक्षय विजेने पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनच्या, प्रस्तावावरची टिपणी तपासायला आली की मी प्रस्तावना वाचत नाही, थेट आकड्यांच्या तक्त्यावर जातो. प्रस्तावना सगळ्यांच्या सारख्याच असतात. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेलं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन, १९,७४४ कोटींची तरतूद, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट. पाठोपाठ त्याच वर्षी जुलैत आलेलं महाराष्ट्राचं धोरण आणि त्यातले वर्षाला ५ लाख टन. हे सगळं बरोबर असतं, कारण ते उतरवून घेतलेलं असतं. लिहिणाऱ्याला स्वतः गुणाकार करावा लागतो तिथून गडबड सुरू होते. धोरण कक्षात येणारी मुलंमुली हुशार आहेत, कष्टाळू आहेत, पण त्याच त्या चुका दर खेपेला समोर येतात. या टिपण्यांवर जमीन, पाणी आणि वीजशुल्काच्या सवलती ठरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेगावॅटवरून थेट टन काढणं

५०० मेगावॅट सौर प्रकल्पातून वर्षाला किती हायड्रोजन निघेल? नवखा माणूस ५०० ला वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणतो, एक किलो हायड्रोजनला ५५ युनिट वीज धरून भागतो आणि जवळपास ८०,००० टन लिहून मोकळा होतो. सूर्य चोवीस तास नसतो. वापराचं प्रमाण २५ टक्के धरलं तर उत्तर २०,००० टनांच्या आत येतं. म्हणजे चौपट फुगवलेला आकडा फाईलवर चढतो, आणि त्यावरून कोणीतरी बंदराची साठवण टाकी आणि रस्ता आखतं.

माझी सवय अशी: प्रत्येक नवा आकडा आधी राष्ट्रीय मिशनच्या आकड्यांशी ताडून बघायचा. मिशनने ५० लाख टनांसाठी १२५ गिगावॅट नवी अक्षय ऊर्जा धरली आहे. १२५ गिगावॅट, ८,७६० तास, २५ टक्के वापर: साधारण २७४ अब्ज युनिट. त्याला ५५ ने भागा, ५० लाख टनांच्या जवळ पोचता. हे गणित कागदाच्या कोपऱ्यात दोन मिनिटांत होतं. तुमच्या प्रस्तावाचं टन आणि मेगावॅटचं गुणोत्तर यापासून फार दूर असेल, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तयार एक्सेल शीट मागून घेऊन त्यात फक्त नावं बदलणाऱ्यांना ही चूक कधीच सापडत नाही, कारण शीट त्यांना हवं ते उत्तर देत असते.

‘आपलं मानक युरोपपेक्षा कडक आहे’

हे वाक्य मी इतक्या टिपण्यांमधून खोडलंय की आता ते दिसलं की पेन आपोआप हातात येतं. भारताने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या केली: एक किलो हायड्रोजनमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड समतुल्य उत्सर्जन नको, तेही बारा महिन्यांच्या सरासरीने. युरोपीय महासंघाची मर्यादा ३.३८ किलोच्या आसपास येते. दोन आकडे शेजारी ठेवले की २ लहान दिसतो. पण आपले २ किलो कारखान्याच्या फाटकाशी संपतात: पाण्याची प्रक्रिया, इलेक्ट्रोलिसिस (विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणं), शुद्धीकरण, सुकवणं, दाब वाढवणं. युरोपच्या आकड्यात वाहतूक आणि वितरणसुद्धा मोजलं जातं. ब्रिटनची मर्यादा मेगाजूलमागे २० ग्रॅम, म्हणजे किलोमागे २.४ किलो, तिथे मोजणी पुन्हा उत्पादनाच्या जागेपर्यंतच. सीमारेषा वेगळ्या असलेले आकडे एका रांगेत मांडले तर तुलना होत नाही, दिशाभूल होते.

याहून मोठा फरक विजेच्या वेळेचा. आपल्या व्याख्येत ग्रीडकडे बँक केलेली अक्षय वीज चालते. दुपारी सौर वीज ग्रीडला द्यायची, रात्री तेवढी परत घ्यायची. २०२२ च्या केंद्रीय धोरणात त्यासाठी ३० दिवसांची मुभा दिली. युरोपच्या २०२३ च्या नियमांत २०२९ अखेरपर्यंत महिन्याचा मेळ चालतो, पण १ जानेवारी २०३० पासून तासाचा मेळ दाखवावा लागतो. ज्या तासाला इलेक्ट्रोलायझर चालला त्याच तासाला तुमच्या पवनचक्कीने किंवा सौर पॅनेलने वीज दिलेली हवी. त्यामुळे रात्री दोन वाजता बँकेतल्या विजेवर तयार झालेला किलो आपल्याकडे हरित ठरतो आणि २०३० पासून युरोपात, रॉटरडॅमच्या बंदरात, ठरणार नाही.

हरित हायड्रोजनपासून अमोनिया करून निर्यात करणाऱ्या एका प्रकल्पाच्या बैठकीत याचा फटका बघितला. प्रस्तावात कारखाना वर्षभर जवळपास अखंड चालणार असं गृहीत होतं, वीज मुख्यतः सौर, बाकी बँकिंगवर. सल्लागार संस्थेने टिपणीत तेच वाक्य लिहिलं होतं: मानक युरोपपेक्षा कडक, निर्यातीला अडचण नाही. टिपणी दोन टेबलांवरून बिनबोभाट पुढे गेली होती आणि सवलतींचा मसुदाही तयार होता. बैठकीत खरेदीदाराच्या प्रतिनिधीने एकच विचारलं: २०३० नंतर रात्रीची वीज कुठून आणणार? कोणाकडे उत्तर नव्हतं. तासाचा मेळ लावून पुन्हा गणित केलं तेव्हा चालण्याचे तास झपाट्याने खाली आले; ते परत वर न्यायचे तर जास्त पवनऊर्जा आणि बॅटरी लागत होती, आणि दर खरेदीदाराने सांगितलेल्या दराच्या वर जात होता. प्रकल्प बुडाला नाही, पण जमिनीचं आणि पाण्याचं मागणीपत्र नव्याने करावं लागलं. सल्लागार संस्थेतल्या त्या तरुणाला मी नंतर एवढंच सांगितलं की मानकाचा आकडा लिहिताना त्याच ओळीत सीमारेषा आणि वेळेचा मेळ लिहीत जा. आता तो तसं करतो, आणि त्याच्या टिपण्या वाचायला मला बरं वाटतं.

ग्रीडच्या विजेला ‘थोडी’ म्हणणं

‘गरजेनुसार थोडी वीज ग्रीडमधून घेतली जाईल.’ थोडी म्हणजे किती? देशाच्या ग्रीडमध्ये युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. ५५ युनिटांचे झाले ३८-३९ किलो. नैसर्गिक वायूपासून रिफायनरीत आज जो हायड्रोजन करतात त्याचं उत्सर्जन किलोमागे ९-१० किलोच्या घरात आहे. म्हणजे निव्वळ ग्रीडवरचा हायड्रोजन वायूवरच्या हायड्रोजनपेक्षा चौपट वाईट. २ किलोच्या मर्यादेत बसायचं तर बँक न केलेल्या साध्या ग्रीड विजेला जेमतेम ५ टक्के जागा उरते. शुद्धीकरण आणि कॉम्प्रेसरची वीज याच हिशेबात येते, हेही लोक विसरतात.

अनुदानाकडे बघताना विजेचा दर विसरणं

केंद्राच्या योजनेत उत्पादनासाठी पहिल्या वर्षी किलोमागे जास्तीत जास्त ५० रुपये, मग ४०, मग ३०. पानिपत रिफायनरीच्या निविदेत २०२५ मध्ये ३९७ रुपये किलो दर निघाला. या दोन आकड्यांमध्ये विजेचं बिल उभं आहे. युनिटचा दर एक रुपयाने हलला की किलोचा दर ५५ रुपयांनी हलतो, केंद्राच्या सर्वांत मोठ्या अनुदानापेक्षा जास्त. राज्याच्या हातातली खरी किल्ली पारेषण आणि वहन आकारात (वीज तारांवरून नेण्याचं भाडं) आणि विद्युत शुल्कात आहे. भांडवली अनुदानावर पानंच्या पानं आणि विजेच्या आकारांवर एक परिच्छेद असलेला मसुदा मी परत पाठवतो. वहन आकाराची सवलत सुचवली असेल तर महावितरणची तूट कोण भरणार, हेही त्याच पानावर हवं. वित्त विभाग विचारेलच, आणि विचारायलाच हवं, कारण ती रक्कम शेवटी दुसऱ्या कोणत्या तरी ग्राहकाच्या बिलात जाते.

बाकीच्या, थोडक्यात

टिपणीच्या मुखपृष्ठावर हायड्रोजनवर चालणारी बस छापू नका. देशात आज वर्षाला सुमारे ५० लाख टन हायड्रोजन वापरला जातो, बहुतेक रिफायनरी आणि खतांमध्ये. आपल्याकडे माहुलच्या रिफायनऱ्या आणि थळचा खत कारखाना हे ग्राहक आधीच उभे आहेत. त्यांना बदलणं अवघड आहे, म्हणून नवे लोक बसकडे पळतात.

पाईप गॅसमध्ये २० टक्के हायड्रोजन मिसळणं म्हणजे २० टक्के कार्बन घट नव्हे. ते २० टक्के आकारमानाने असतात, ऊर्जेने सुमारे ७.

पाणी किलोमागे ९ लिटर लिहू नका, ते रासायनिक समीकरणातलं पाणी झालं. शुद्धीकरणात वाया जाणारं आणि कूलिंगचं धरून २० ते ३० लिटर धरा. १ लाख टनांच्या प्रकल्पाला २५ लिटरच्या हिशेबाने रोज जवळपास ७० लाख लिटर लागतात. मराठवाड्यात जागा सुचवणाऱ्याने हे गणित आधी गावात जाऊन सांगावं, मग मंत्रालयात.

हायड्रोजन कसा बनला ते सांगणारे हिरवा, निळा, राखाडी हे रंग भाषणात वापरा. शासन निर्णयात किलो हायड्रोजनमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड ते लिहा, म्हणजे तंटा झाला तर निकाल लागतो.

गळतीचा उल्लेख गाळू नका. हायड्रोजन स्वतः उष्णता धरत नाही, पण वातावरणातला मिथेन जास्त काळ टिकवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या दहापटीहून जास्त धरला जातो.

आणि सुरक्षेचं कलम शेवटच्या दिवशी चिकटवू नका. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाण इतक्या रुंद पट्ट्यात पेटणारा वायू आहे हा. दाबाखालच्या टाक्या आणि सिलिंडरची मंजुरी पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) देते, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. प्रकल्पाची जागा नक्की करायच्या आधीच त्यांच्याशी सुरक्षित अंतरांबद्दल बोला. नकाशा मंजूर झाल्यावर टाकी हलवायची वेळ आली की सगळं वेळापत्रक कोलमडतं.