केबलच्या चराखालची माती: मार्ग तपासायला नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाणे-बेलापूर पट्ट्यासारख्या जुन्या कारखानदारी भागातून भूमिगत केबल न्यायची असेल, तर मातीतलं प्रदूषण शोधायला पहिला आठवडा कागदांना द्या. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट (तपशीलवार नकाशे) आणि गुगल अर्थची जुनी चित्रं लागोपाठ पाहिली की बुजवलेल्या खाणी, वळवलेले नाले, खाडीतला भराव सापडतो. मग मार्ग पायी चाला. पेट्रोल पंप, प्लेटिंगचे (धातूवर मुलामा चढवण्याचे) गाळे, भंगाराचे अड्डे, जुने ट्रान्सफॉर्मर चेनेजसकट (मार्गाच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासकट) टिपा.

सारख्या अंतरावर नमुने घेणं दिसायला नेटकं, पण पैसे वाया. जॉइंट बे (केबलचे तुकडे जोडण्याचे खड्डे), एचडीडीचे (जमिनीखालून आडव्या ड्रिलिंगचे) खड्डे आणि संशयाच्या जागा इथे दाट घ्या. चर १.८ मीटर खोल असेल तर नमुना २.३ मीटरपर्यंत हवा. पेट्रोलचा संशय असल्यास काचेची बाटली काठोकाठ भरून लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा. उन्हात राहिली तर बाष्प उडून अहवाल खोटा स्वच्छ येतो. प्लेटिंगशेजारी एकूण क्रोमियमवर भागवू नका, हेक्साव्हॅलंट, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, वेगळं तपासून घ्या.

नवख्यांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटतं ते हे, की चर स्वतःच प्रदूषणाला वाट करून देतो. केबलभोवतीच्या वाळूतून दूषित पाणी आणि वायू शेकडो मीटर सरकू शकतात. म्हणून संशयित टप्प्याच्या दोन्ही टोकांना बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचा) आडबांध घालतात. चरातलं पाणी उपसतानाही तेच: शेजारच्या पेट्रोल पंपाखालचं इंधन तुमच्याकडे ओढलं जातं. केबलचं पॉलिथिन आवरण अशा इंधनाने फुगून मऊ पडतं. राखेचा किंवा कचऱ्याचा भराव वाळला की उष्णता नीट वाहून नेत नाही आणि केबल तापते. औष्णिक रोधाची (माती उष्णतेला किती अडवते याची) चाचणी नमुन्यांच्याच बोअरमधून उरकून घ्या.

जुन्या कचराभूमीजवळ जॉइंट बेमध्ये उतरण्याआधी गॅस मीटर लावा. हवेत ५ टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर कोणीही उतरायचं नाही.

मातीचा हिशेब आधीच मांडा. १.२ मीटर रुंद, १.८ मीटर खोल चर किलोमीटरभर खोदला की २,१६० घनमीटर माती निघते. ती पाव पटीने फुगते, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरच्या २७० खेपा. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार घातक ठरलेली माती तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रातच जाते, आणि तिथला दर साध्या भरावाच्या कैक पट असतो. त्यामुळे संशयित टप्प्याची माती ताडपत्रीवर वेगळी ठेवायला जेसीबीवाल्याला सकाळीच सांगा. ढीग एकत्र झाले की चांगली मातीही त्याच दराने जाते.