मागल्या दाराने जर्मनी

म्युनिक, राजवाडे, नदीकाठचे किल्ले करून झाले असतील, किंवा करायचेच नसतील, तर सॅक पाठीला मारून लायपझिग गाठा. बर्लिनहून वेगवान गाडीने साधारण सव्वा तास. सॅक मुख्य स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. हात मोकळे असले की पाय जास्त चालतात.

तिथून प्लागविट्स स्टेशन. थोडं चाललं की लाल विटांची गिरणी लागते, ‘बाउमवोल्श्पिनराय’, म्हणजे सरळसरळ सूतगिरणी. सुरू झाली १८८४ मध्ये आणि पुढच्या पंचवीस वर्षांत युरोप खंडातली सगळ्यांत मोठी झाली. कामगारांची घरं, बालवाडी, भाजी लावायला वाफे, सगळं गिरणीचंच. माझे आजोबा लालबागला गिरणीत तिसऱ्या पाळीला जायचे. त्यामुळे त्या आवारात शिरल्यावर मी उगाच भोंग्याची वाट बघत उभा राहिलो. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी टॉवर आले. इथे इमारती तशाच ठेवून चित्रकारांना जागा दिल्या. निओ राउखसारखा जगभर नाव असलेला चित्रकार इथेच काम करतो. आवारात फिरायला पैसे लागत नाहीत, पण रविवार-सोमवारी जाऊ नका, बहुतेक गॅलऱ्यांना कुलूप असतं. परतताना कार्ल-हाइने कालव्याच्या काठाने या.

दुसरं शहर हॅम्बुर्ग. श्टेर्नशान्त्सं स्टेशनला उतरून शुल्टरब्लाट रस्त्यावर या. शुल्टरब्लाट म्हणजे खांद्याचं हाड. जुन्या काळी इथल्या एका खानावळीची पाटी म्हणे देवमाशाच्या खांद्याच्या हाडाची होती. समोरच ‘रोटं फ्लोरा’: जुनं नाट्यगृह, १९८९ पासून डाव्या कार्यकर्त्यांच्या ताब्यात, भिंतभर पोस्टरं आणि रंग. त्याच्या समोर आता महागडी कॉफी मिळते, हा विनोद तिथल्या लोकांना अजिबात आवडत नाही. गेंगंफिअर्टल ही जुन्या घरांची वसाहतही बघा. पाडायला निघाली होती, २००९ मध्ये कलाकार आत घुसले म्हणून वाचली. मोर्चाच्या किंवा १ मेच्या संध्याकाळी मात्र श्टेर्नशान्त्सं भागात रेंगाळू नका.

पैशांचं थोडक्यात. रोख जवळ ठेवा, अशा जागी कार्ड चालेलच असं नाही. ट्राममध्ये बिनतिकीट सापडलात तर ६० युरो. रविवारी दुकानं बंद, पाव शनिवारीच घेऊन ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीवर सहसा २५ सेंट अनामत असते. परत करायचा कंटाळा आला तर ती कचऱ्यात न टाकता डब्याशेजारी उभी ठेवा. ती गोळा करून चार पैसे मिळवणारे लोक असतात.

आता जेवण. दिव्याच्या खांबांवरची पोस्टरं वाचत चला. ‘क्यूफा’ हा शब्द दिसला की थांबा. त्याचा अर्थ सगळ्यांसाठीचं स्वयंपाकघर: ठरलेल्या दिवशी कुणीतरी मोठं पातेलं चढवतं, येईल तो जेवतो, डब्यात जमतील तेवढे पैसे टाकतो. तीन-चार युरो टाकले तर कुणी वाकडं बघत नाही. जेवण बहुतेक वेळा मांस-अंडी तर नाहीच, दूधतूपही नसलेलं, त्यामुळे ‘यात मांस आहे का’ हे विचारण्याची आपली जर्मनीभरची कटकट इथे मिटते.

माझी चूक सांगतो. लायपझिगमध्येच अशा एका ठिकाणी मसुराच्या आमटीसारखं काहीतरी पानात पडलं आणि मी सवयीने फोन वर केला. समोरच्या मुलीने लेन्सपुढे पंजाच धरला. इथे येणाऱ्या अनेकांना आपला चेहरा कुठल्याही फोटोत नको असतो, पोलिसांमुळे आणि नव-नाझी टोळ्यांमुळेही. मी फोटो तिच्यासमोर पुसला, जेवलो, माझं ताट घेऊन मोरीकडे गेलो. तिथे ढीग होता, म्हणून आणखी दहा-बारा ताटं घासली. ती शेजारी येऊन पुसायला लागली, आणि बुधवारी कुठल्या घरात पातेलं चढतं तेही तिनेच सांगितलं.