फोर बाय फोर घेताय? आधी लिव्हर ओढून बघा
साताऱ्यात राजवाड्यापाशी गाडी लावायला जागाही मिळावी आणि पावसाळ्यात बामणोलीकडच्या लाल चिखलातली चढणही निघावी, असं वाटत असेल तर नुसत्या उंचीला भुलू नका; फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी आहे का ते बघा. महिंद्रा थारची 2023 पासूनची स्वस्त मॉडेलं फक्त मागच्या चाकांवर चालतात. दिसायला मात्र तश्शीच! मारुतीची जिम्नी सगळीच फोर बाय फोर, लांबी चार मीटरच्या आत, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची) 210 मिलिमीटर. डिकी मात्र बेताचीच.

जुनी घेणार असाल तर डांबरावर चक्कर मारून व्यवहार करू नका. मालकाला कच्च्या चढाला घेऊन जा, गाडी थांबवून लिव्हर फोर-एलला (चारही चाकांना जास्त जोर, वेग कमी) टाका. गाडी मुंगीच्या पावलानं, न गचके देता चढली पाहिजे. मग खाली वाकून ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) तेलाचे ओघळ आहेत का बघा. चारही टायर एकाच मापाचे हवेत. माझ्या जुन्या जिप्सीला नव्हते, ते मेकॅनिकचं बिल आल्यावर कळलं.

आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर लिव्हर फोर बाय फोरमधून काढूनच ठेवा. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, या गाड्यांना हा फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल नसतो, सगळा ताण गिअरांवर येतो.