प्रॉक्सी वापरताय? मग या चुका टाळा

प्रॉक्सी आणि बनावट कार्ड यांतला फरक सांगून सांगून घसा कोरडा पडला, तरी तीच चूक घेऊन कोणीतरी येतंच. ‘मॅजिक: द गॅदरिंग’सारख्या, कार्डं जमवून खेळायच्या खेळात प्रॉक्सी म्हणजे खऱ्या कार्डाच्या जागी ठेवलेली चिठ्ठी. ती खरी नाही हे समोरच्याला ठाऊक असतं. बनावट कार्ड मात्र छापलेलंच असतं फसवायला.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे प्रॉक्सी हुबेहूब खऱ्यासारखी करणं. जाड कागद, गोल कोपरे आणि वर पाठीमागचं चित्रसुद्धा! कशाला? खेळताना समोरची बाजू वाचता आली की झालं. पाठ छापली की ते कार्ड आज ना उद्या कोणाच्या तरी ट्रेडमध्ये, म्हणजे कार्डांच्या अदलाबदलीत, शिरणार.

हे माझ्याच हातून घडलंय. मॅजिकच्या एका महागड्या लँडच्या (खेळात ‘मॅना’ ही शक्ती देणाऱ्या कार्डाच्या) चार प्रॉक्सी मी दोन्ही बाजूंनी छापून घेतल्या आणि बाइंडरमध्ये (कार्डं जपायच्या वहीत) खऱ्या कार्डांशेजारी लावल्या. पुढे एका मित्राने स्पर्धेसाठी कार्डं उसनी मागितली, मी घाईत ते पानच्या पान रिकामं करून दिलं. तिसऱ्या फेरीआधी त्याचा डेक, म्हणजे खेळायचा कार्डांचा गठ्ठा, तपासणीला गेला. जजने (स्पर्धेच्या पंचाने) एक कार्ड स्लीव्हमधून, म्हणजे त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटातून, काढून भिंगाखाली धरलं. खऱ्या कार्डावरची काळी अक्षरं सलग शाईची, कडा स्वच्छ असलेली दिसतात. इथे नावाचं प्रत्येक अक्षर रंगीत ठिपक्यांनी बनलेलं होतं. मित्राचा चेहरा पांढराफटक पडला. जजने त्याचं सगळं ऐकून घेतलं, पण गेम गेलाच, आणि दिवसभर लोक त्याच्याकडे संशयाने बघत राहिले. चूक माझी, भोगलं त्याने.

त्या रात्री मी ती चारही कार्डं कात्रीने कापली. आता माझी प्रॉक्सी म्हणजे एक बेसिक लँड (साधं, स्वस्त लँड कार्ड) आणि त्यावर मार्करने लिहिलेलं नाव, मॅना कॉस्ट (कार्ड खेळायला लागणारा मॅना) आणि मजकूर. फार तर साध्या कागदावरची प्रिंट स्लीव्हमध्ये लँडच्या पुढे सरकवतो. दिसायला ओबडधोबड, पण कोणी फसत नाही. प्रॉक्सींचा डबाही वेगळा, बाइंडरमध्ये एकही नाही.

दुसरी चूक, ‘स्पर्धेत चालवून घेतील’ हा समज. अधिकृत स्पर्धेत चालत नाही. घरगुती खेळातल्या प्लेटेस्ट कार्डांना (डेक आजमावायला हाताने केलेल्या कामचलाऊ कार्डांना) हरकत नाही, पण अधिकृत स्पर्धेत ती नकोत, हे मॅजिक बनवणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने 2016 मध्ये स्पष्ट केलंय. स्पर्धा चालू असताना कार्ड खराब झालं तर मुख्य जज स्वतः प्रॉक्सी देऊ शकतो, तीही त्या स्पर्धेपुरतीच. घरून फाटलेलं कार्ड आणून प्रॉक्सी मागणाऱ्यांनी जजचा वेळ खाऊ नये. आणि कंपनीने छापलं म्हणजे चालतं असंही नाही: 1993 ची चौकोनी कोपऱ्यांची कलेक्टर्स एडिशन घ्या किंवा 2022 चा तिसाव्या वर्धापनदिनाचा संच, दोन्ही स्पर्धेत बाद.

कार्ड वाकवून खरं-खोटं ठरवू नका. बनावट कार्डंही ही परीक्षा पास होतात आणि खऱ्यावर सुरकुती पडते. उतावळ्यांना हा शॉर्टकट फार आवडतो. त्यापेक्षा 30 पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मॅजिकच्या कार्डाच्या पाठीवर पाच रंगांचे गोल असतात. त्यातल्या हिरव्या गोलात बारीक लाल ठिपके उलट्या ‘एल’च्या आकारात दिसायला हवेत. शेजारी त्याच सेटमधलं, स्वतः पाकिटातून काढलेलं कार्ड ठेवा. तुलनेशिवाय मी कधीच निकाल देत नाही.

लंबगोल होलोग्राम नाही म्हणून जुनं कार्ड खोटं ठरवू नका, तो 2014 मध्ये आला आणि तोही ‘रेअर’ (दुर्मिळ) दर्जापासून वरच्या कार्डांवर.

स्लीव्ह अपारदर्शक आणि सगळ्या एकसारख्या वापरा, म्हणजे मागून प्रॉक्सी ओळखू येणार नाही.

प्रॉक्सी आहेत हे डेक पिसायच्या आधी सांगा, हरायला लागल्यावर नाही.

आणि बनावट कार्ड गळ्यात पडलंच, तर ते पुढच्याच्या गळ्यात मारू नका. मी अशा कार्डाच्या दोन्ही बाजूंवर न पुसणाऱ्या मार्करने ‘बनावट’ लिहितो आणि भिंगासोबत ठेवतो. नवीन मुलांना ठिपके दाखवायला तेच कामी येतं.